आधी तरंगा, मग पोहा

माहुलकराला पाणी बघायला जुहूला जावं लागत नाही. गाव खाडीला टेकलेलं, काठाला तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, हिवाळ्यात त्या चिखलात उतरणारे फ्लेमिंगो आणि पीर पाव जेट्टीला लागणारी तेलाची जहाजं. पावसाळ्यात तर पाणीच घरापर्यंत येतं. माहुलचं पंपिंग स्टेशन वर्षानुवर्षं रखडलंय. भरतीच्या वेळेलाच मुसळधार पाऊस झाला तर चेंबूर-कुर्ल्याचं पाणी निघायला वाट उरत नाही. एवढं पाणी भोवती असताना इथल्या इमारतींतून पोहता येणारा माणूस मात्र शोधावा लागतो. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना कुणी पोहायला वेगळं शिकवलं नव्हतं, होडीबरोबर ते आपसूक आलं. पण तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून इथे आणून वसवलेल्या कुटुंबांना, कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेल्यांना आणि खुद्द कोळ्यांच्या शाळकरी नातवंडांना ते आपसूक येणार नाही. त्यांनी ते शिकायला हवं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती. १५ जणांचा जीव गेला. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, असं वाचलेल्यांनीच सांगितलं. हे सगळं माहुलच्या समोरच्या बंदरात घडलं, भर दुपारी, मदतीच्या बोटी जवळ असताना. अशा वेळी कुणाला दोन किलोमीटर पोहून किनारा गाठायचा नसतो. मदत पोचेपर्यंत नाक-तोंड पाण्याच्या वर ठेवायचं असतं, बस्स.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे पोहण्याची शिकवणी उलट्या टोकानं सुरू होते. पहिल्या आठवड्यापासून फ्रीस्टाइल, मग ब्रेस्टस्ट्रोक, मग शर्यत. पालक गॅलरीत बसून मोजतात की आपल्या पोरानं किती लांब मजल मारली. बारा-पंधरा मीटर हातपाय झोडून पोचलेलं मूल मध्यावर दमलं तर काय करतं, हे कुणी बघत नाही. ते थांबू शकत नाही, कारण थांबायचं कसं हे त्याला शिकवलेलंच नसतं. शर्यतीत पहिला येणारा मुलगा पाण्यात सुरक्षित असतोच असं नाही. हात न हलवता दोन मिनिटं उताणा पडून राहू शकणारा मुलगा जास्त भरवशाचा.

बांगलादेशात घरोघरी पुकुर, म्हणजे तळी. तिथे पोरं बुडण्याचं प्रमाण भयंकर होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आपण उचलण्यासारखा आहे. गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधायचा, त्यावर मुलांना उभं करायचं आणि तीन गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या: २५ मीटर कसंही पोहणं, ३० सेकंद एका जागी तरंगणं आणि बुडणाऱ्याला काठावरूनच मदत करणं. शैलीचं नावही नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हेच शिकवा असं सांगते. संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे २०२२ सालात अशा ३८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी आराखडाही काढला. पण आराखडे काही पाण्यात उतरत नाहीत, ते आपल्यालाच करावं लागतं.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येऊ. शिक्षक कोणताही असो, क्रम मात्र तुम्ही लक्षात ठेवा आणि मागून घ्या.

पहिलं काम श्वासाचं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, काठाचा दांडा धरायचा, तोंडानं श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकानं बुडबुडे सोडायचे. सगळी हवा जाऊ द्यायची, मग चेहरा वर. नवशिका नेमका इथेच अडतो. तो पाण्याखाली श्वास कोंडून ठेवतो आणि वर आल्यावर एकाच दमात हवा सोडायलाही बघतो, घ्यायलाही बघतो. त्या घाईत नाकातोंडात पाणी जातं आणि धसका बसतो. हे बुडबुडे कंटाळा येईपर्यंत करा. ज्याला कंटाळा आला त्याची भीती गेली, असं खुशाल समजा.

दुसरं, पालथं तरंगून पुन्हा उभं राहणं. यातला दुसरा भाग बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत, म्हणून जरा सावकाश सांगतो. माणूस पालथा तरंगू लागला की त्याचे पाय मागे वर येतात. आता त्याला उभं राहायचंय, पण तळ सापडत नाही. तो डोकं झटक्यानं वर काढतो, त्यासरशी पाय आणखी मागे सरकतात, आणि छातीएवढ्या पाण्यात, तळ वीतभर खाली असताना, धडधाकट माणूस गटांगळ्या खातो. उपाय अगदी सोपा आहे. डोकं पाण्यातच राहू द्यायचं, दोन्ही गुडघे छातीशी ओढायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं. कंबर आपोआप फिरते, पाय खाली येतात आणि तळाला टेकतात. मग डोकं वर. हे एकदा अंगात मुरलं की उथळ पाण्याची भीती कायमची संपते.

तिसरं उताणं तरंगणं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. कान पाण्यात बुडालेच पाहिजेत. बरेच जण कान कोरडे ठेवायला मान उचलतात, मान उचलली की कंबर बुडते. हनुवटी आकाशाकडे, छाती फुगवलेली, हात खांद्याच्या रेषेत पसरलेले. छाती हवेनं भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यावर राहतं. सडपातळ पुरुषांचे पाय हळूहळू खाली जातात, त्यांनी घाबरू नये. चेहरा वर राहिला म्हणजे पुरे. तळव्यांनी पाण्याला हलकेच थोपटत राहिलं तर पायही फार खाली जात नाहीत. समुद्राचं खारं पाणी तलावातल्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे तलावात जमलं तर खाऱ्या पाण्यात अधिक सहज जमेल.

चौथं, उभ्यानं पाणी मारणं. खोल बाजूला, पण काठाच्या हाताच्या अंतरावर. पायांनी सायकल चालवल्यासारखं किंवा बेडकासारखं, हात पाण्याखाली आडवे हलवत. दोन मिनिटं जमलं की पाच मिनिटं.

यानंतर हात मारायला शिका, कुठलाही, आणि शेवटी एक परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीत मागून घ्या: अंगावर पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पॅन्ट घालून खोल पाण्यात उतरायचं, उताणं तरंगायचं, मग हात मारत काठाला यायचं आणि शिडीशिवाय वर चढायचं. पाण्यात पडणारा माणूस पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. ओल्या कपड्यांचं ओझं काय असतं ते एकदा निवांतपणे कळलेलं बरं. अर्थात अनेक तलावांत रोजच्या कपड्यांनी उतरू देत नाहीत. धुतलेल्या कपड्यांनिशी वर्गाच्या शेवटच्या दिवशी परवानगी मिळते का ते विचारून बघा.

हे शिकायचं कुठे? खाडीत नाही, हे निक्षून सांगतो. माहुलची खाडी म्हणजे खालून चिखल, वरून शहराचं सांडपाणी आणि मधून जहाजांची ये-जा. गाळात गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय ओढून काढायला गेलं की दुसरा रुततो, तोवर भरती लागलेली असते. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, आणि सपाट चिखलावर ते पाणी चालत्या माणसाला गाठतं. कोळ्याला उधाण कधी, भांग कधी, सुकती कधी सुरू होते हे तोंडपाठ असतं, म्हणून त्याला खाडीत वावरता येतं. तेवढी माहिती नसताना चेंडू आणायला तिवरांत शिरणाऱ्या पोराला दटावा. आणि कधी चिखलात रुतलातच तर पाय उपटू नका. मागे रेलून बसा, अंगाचा भार पसरा, पाय हलवत हलवत सैल करा आणि सरपटत बाहेर या.

शिकायचं ते चेंबूरच्या महापालिकेच्या तलावात. १९८६ साली पुण्यात हत्या झालेले माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांचं नाव या तलावाला दिलेलं आहे. पालिकेचे दादर, कांदिवली, मुलुंड, दहिसर असे आणखीही तलाव आहेत आणि अलीकडे त्यांत भर पडते आहे, पण माहुलच्या माणसाला चेंबूरच सोयीचं, बसनं किंवा रिक्षानं गाठता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पालिका २१ दिवसांचे प्रशिक्षण वर्ग घेते. नोंदणी ऑनलाइन असते. डॉक्टरांचा दाखला, पोहण्याचा पोशाख आणि टोपी लागते. खासगी सोसायट्यांच्या आणि क्लबांच्या तलावांचे दर पाहिले की पालिकेचा वर्ग स्वस्त वाटतो. पण एकवीस दिवसांत पोहणं ‘येतं’ असं धरून चालू नका. तेवढ्यात श्वास आणि तरंगणं पक्कं होतं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी पाण्यात उतरत राहिलात तर ते टिकतं. मूल शिकलं म्हणून वर्ग सोडला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी पाहिलंच नाही, असं बहुतेक घरांत होतं.

वर्ग निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. जीवरक्षक पाण्याकडे बघतोय की मोबाइलकडे? एका शिक्षकामागे नवशिकी पोरं किती? आणि तळ स्वच्छ दिसतो का? तलावाचा तळ दिसत नसेल तर तळाला गेलेलं मूलही दिसणार नाही. अशा पाण्यात, पैसे भरले असले तरी, उतरू नये.

गावाकडची माणसं म्हणतील, आम्ही कुठे वर्ग लावले? विहिरीत पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळक्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधायची, काका-मामा वरून ढकलून द्यायचा, आठवड्यात पोरगं मुटके मारायला लागायचं. पद्धत वाईट नव्हती. तिच्यात दोन गोष्टी भक्कम होत्या, पाठीला तरंगणारं काहीतरी आणि विहिरीत आधीच उतरलेला एक पट्टीचा पोहणारा. शहरात आल्यावर आपण त्यातलं ढकलणं तेवढं लक्षात ठेवलं. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ म्हणत रडणाऱ्या पोराला खोल बाजूला लोटणारे शिक्षक आजही भेटतात. त्यातून पोहणं येत नाही. पाण्याची जन्माची अढी मात्र बसते, आणि चाळिशीतले जे पुरुष ‘मला पाण्याचं जमत नाही’ म्हणतात, त्यांतल्या कित्येकांच्या मागे असा एखादा मामा असतो.

त्या चाळिशीतल्यांना, आणि विशेषतः बायकांना, माझं सांगणं आहे की तुम्ही शिका. मुलाला तलावावर सोडून बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसणाऱ्या आया मी पुष्कळ पाहतो. पोशाखाचा संकोच असतो, सासरच्यांचा असतो, वयाचा असतो. अंगभर पोहण्याचे पोशाख आता सहज मिळतात. स्त्रियांसाठी राखीव वेळ कुठल्या तलावात आहे याची चौकशी करा, नसेल तर चार-पाच जणींनी मिळून मागणी करा. मोठ्या माणसाला शिकायला मुलापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, कारण त्याचं अंग ताठ होतं. पण तो सूचना ऐकतो, ही जमेची बाजू. गुडघेदुखी असलेल्यांना पाण्यात व्यायाम करता येतो तसा जमिनीवर जमत नाही.

वय आणि अपंगत्वाची सबब सांगणाऱ्यांनी पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं चरित्र आठवावं. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यानं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. सरकारला पद्मश्री द्यायला २०१८ साल उजाडलं, ती गोष्ट वेगळी.

अगदी लहानांचं काय? बुडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते एक ते चार या वयात, आणि त्यासाठी खाडी लागत नाही. माहुलच्या वसाहतींत पाण्याच्या वेळा सांभाळत घरोघरी पिंपं आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात. रांगतं पोर बादलीत डोकावतं, डोक्याच्या वजनानं आत जातं आणि त्याला बाहेर येता येत नाही, आवाजही होत नाही. पिंपाला घट्ट झाकण, त्यावर काहीतरी जड, रिकामी बादली पालथी, मोरीचं दार लावलेलं, एवढं केलंत तर पोहण्याच्या कुठल्याही वर्गापेक्षा जास्त कामाचं आहे. दोन वर्षांच्या मुलाला तलावात खेळवा, त्याची पाण्याशी दोस्ती होऊ द्या, पण त्याला ‘पोहता येतं’ असं मानून नजर हटवू नका.

पोहणं येणाऱ्यालाही काही पाणी वर्ज्य आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मोटारींत कोंडून माणसं गेली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एका नामवंत डॉक्टरांचा तुंबलेल्या रस्त्यावर उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला. तिथे कुणाचं पोहणं काय करणार? वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणसाला पाडतं, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं एकमेकांना धरून उभी असताना वाहून गेली, ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. आक्सा आणि मुरूडसारख्या किनाऱ्यांवर आत खेचणारी ओढ असते. तिच्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडा. मघाचं उताणं तरंगणं इथे जीव वाचवतं. बोटीनं मांडव्याला किंवा घारापुरीला जाताना जॅकेट बाकाखाली न ठेवता अंगात घाला आणि पट्टे आवळा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

दुसरा कुणी बुडत असेल तर? सिनेमात बुडणारा ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याच्या वर आलं की त्याला श्वास घ्यायचा असतो. डोकं मागे पडलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबताहेत आणि माणूस उभाच्या उभा, पुढे सरकत नाही, हे दिसलं की एखाद्या मिनिटाचाच अवधी आहे असं समजा. उडी मारू नका. बुडता माणूस हाताशी येईल त्याच्यावर चढतो. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. काठावर पालथे झोपून बांबू, वल्हं, ओढणी, साडी पुढे करा. रिकामा, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा कॅन दोरीला बांधून फेका, पाच लिटरचा कॅनही माणसाला धरून राहायला पुरतो.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबून पाणी काढण्यात, त्याला उलटं टांगण्यात वेळ घालवू नका. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर त्याला पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर ३० दाब, पुन्हा दोन श्वास, आणि हे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवा. बुडालेल्याला हवेची गरज असते, म्हणून सुरुवात श्वासानं करायची. दुसऱ्या कुणाला तोवर १०८ ला फोन करायला सांगा. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे, तोही मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा. पाणी गिळून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्याच, फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उफाळू शकतो.

उन्हाळी वर्गांच्या जागा भराभर भरतात. परीक्षा संपायची वाट पाहू नका. मार्च लागला की पालिकेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा, डॉक्टरांचा दाखला काढून ठेवा, आणि मुलाचं नाव नोंदवाल तेव्हा खाली स्वतःचंही नोंदवा.